डोंगरावर न चढता डोंगर मोजला!

कंपासपेटीतला कोनमापक काढा बरं. याच्या थोरल्या भावाने अख्खा देश मोजलाय, ठाऊक आहे?

त्या भावाचं नाव थिओडोलाइट. कोन मोजायची दुर्बीण म्हणा ना! वजन जवळजवळ अर्धा टन. माणसं तो खांद्यांवरून वाहून न्यायची आणि उंच टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवायची. तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना एकदा तो दोर तुटून आपटला आणि त्याची चकती वाकली. ती सहा आठवडे खपून पुन्हा सरळ करावी लागली.

पण देश मोजायला कोन कशाला? पट्टी नको का? गंमत तिथेच आहे! १८०२ साली मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईत, विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सपाट जमिनीवर सुमारे बारा किलोमीटरची एक सरळ रेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी चारशेदा मांडून! उन्हाने पोलाद प्रसरण पावतं, म्हणून साखळी सावलीत ठेवायची आणि तापमापक बघत मोजायचं. दोन महिने गेले या एका रेषेत.

मग त्याने रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबची एक टेकडी पाहिली आणि कोन मोजले. एक बाजू कळली, तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की तसा त्रिकोण एकच निघतो. दुसरा काढूनच दाखवा! तुमची ‘कोबाको’ कसोटी ती हीच. म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळाल्या, जमिनीवर साखळी न टाकता. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची, त्याची बाजू त्याच्या पुढच्याची... त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक उत्तरेकडे निघाले. शक्य तिथे तिसरा कोनही मोजायचे. तिघांची बेरीज १८० अंश आली की जीव भांड्यात! (पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या मोठ्या त्रिकोणात ही बेरीज १८० पेक्षा किंचित जास्त भरते. तेही ते हिशेबात धरायचे.)

लॅम्बटन वाटेतच वारला, १८२३ साली, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. काम मात्र थांबलं नाही. त्रिकोण हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचले. नेपाळात जायला परवानगी नव्हती, म्हणून दीडशे किलोमीटरहून लांबून एका शिखराचे कोन मोजले गेले. त्यावरून उंचीचं किचकट गणित केलं राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने. उत्तर जाहीर झालं १८५६ मध्ये: २९,००२ फूट, जगातलं सर्वांत उंच शिखर! तेच एव्हरेस्ट. माणूस त्या शिखरावर पोहोचला १९५३ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. आज त्याची उंची ८,८४८.८६ मीटर मानतात. तेव्हाचं उत्तर फक्त नऊ मीटरने कमी होतं. मला तर हे कुठल्याही जादूपेक्षा भारी वाटतं.

आता तुम्ही करा. मैदानावर दहा मीटरची रेषा आखा. दोन्ही टोकांवरून लांबच्या एका झाडाकडे बघून कोन मोजा. वहीत एक मीटरला एक सेंटिमीटर धरून तोच त्रिकोण काढा आणि झाडाचं अंतर पट्टीने वाचा. मग टेप घेऊन झाडापर्यंत जा आणि उत्तर किती जुळलं ते आम्हाला नक्की कळवा!