आरोप आणि पुरावा

बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांचे पिढीजात वैर असावे आणि एका रात्री त्यांतील एकाच्या कडब्याची गंजी पेटावी, म्हणजे गावाला कारण शोधण्याचे श्रम पडत नाहीत. सकाळी चावडीपुढे जमलेली मंडळी शेजाऱ्याचे नाव घेऊन मोकळी होतात. पंचनामा करणाऱ्याचे मात्र तेवढ्याने भागत नाही. त्याला निदान चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. काडी कोणी ओढली? ओढणारा कोणाच्या घरून निघाला आणि त्याला रॉकेल कोणी पुरविले? शेजाऱ्याच्या एखाद्या गड्याचा त्यात हात होता काय? आणि शेवटी, हे खुद्द मालकाच्या सांगण्यावरून झाले, की मालक जाणून असून स्वस्थ बसला, की त्याला कशाचीच वार्ता नव्हती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे चौथ्याचे मिळाले असे नव्हे. आणि चौथ्याचे मिळाले नाही, म्हणून पहिली तीन उत्तरे खोटी ठरतात असेही नव्हे.

भारत आणि पाकिस्तान या दोन शेजारी राष्ट्रांत दहशतवादाविषयी जे आरोप-प्रत्यारोप चालत आले आहेत, त्यांचा विचार करताना या चार पायऱ्या ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. काश्मीरमध्ये व भारतात अन्यत्र झालेल्या हल्ल्यांमागे पाकिस्तानची आयएसआय ही गुप्तवार्ता संस्था आहे, असे भारताचे म्हणणे. बलुचिस्तान व कराची येथील रक्तपातामागे भारताची रॉ ही संस्था आहे, असे पाकिस्तानचे म्हणणे. दोन्ही सरकारे आपल्यावरील आरोप साफ नाकारतात. सामान्य नागरिक बहुधा आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे या न्यायाने निवाडा करून टाकतो. परंतु न्यायालये, त्रयस्थ राष्ट्रे आणि पुढील काळाचा इतिहासकार यांच्यापुढे हा न्याय टिकत नाही. तेथे कोणता आरोप कितव्या पायरीपर्यंत सिद्ध झाला, एवढेच पाहिले जाते.

या दृष्टीने मुंबईवरील हल्ल्याचे प्रकरण विशेष बोधप्रद आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा सशस्त्र तरुणांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताजमहाल व ओबेरॉय ही हॉटेले आणि नरिमन हाऊस या ठिकाणी जो संहार केला, त्यात 166 माणसे मृत्युमुखी पडली. दहांपैकी नऊ मारले गेले. दहाव्याला, अजमल कसाबला, गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी धरले. त्याच्या बंदुकीची नळी त्यांनी सोडली नाही. गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या आणि प्राण दिला. या हौतात्म्याचे मोल शौर्याच्या दृष्टीने सांगितले जाते, ते योग्यच आहे. पुराव्याच्या दृष्टीनेही ते तितकेच मोठे आहे. दहाही जण मारले गेले असते, तर हे लोक आमचे नव्हेतच, हा पाकिस्तानचा पहिला पवित्रा खोडून काढणे फार अवघड झाले असते.

आरंभी पाकिस्तानने खरोखरच कानावर हात ठेवले होते. परंतु कसाबच्या गावापर्यंत पाकिस्तानातीलच पत्रकार जाऊन पोहोचले. 5 जानेवारी 2009 रोजी भारताने पुराव्याची कागदपत्रे पाकिस्तानच्या स्वाधीन केली आणि 7 जानेवारीस कसाब हा आपला नागरिक असल्याचे तेथील सरकारला मान्य करावे लागले. ही गोष्ट परस्पर उघड केल्याच्या कारणावरून त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना त्याच दिवशी पदावरून दूर करण्यात आले. 12 फेब्रुवारीस गृहखात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढे 2015 मध्ये तारिक खोसा यांनी ‘डॉन’ या पाकिस्तानी वृत्तपत्रात लेख लिहून या तपासाची हकीकत मांडली. हल्ल्यानंतर झालेल्या तपासाच्या काळात ते तेथील केंद्रीय अन्वेषण संस्थेचे प्रमुख होते. सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळील प्रशिक्षणतळ, कराचीतील ज्या खोलीतून हल्लेखोरांना सूचना दिल्या जात होत्या ती खोली, आणि त्यांच्या रबरी होडीच्या इंजिनाचा जपानहून लाहोरला व तेथून कराचीच्या दुकानापर्यंत झालेला प्रवास, या साऱ्याचा छडा पाकिस्तानी अधिकाऱ्यांनीच लावला होता, हे त्यांनी नमूद केले. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांपुरता हा वाद प्रामाणिक माणसाच्या दृष्टीने मिटला आहे.

तिसऱ्या पायरीचा मुख्य आधार म्हणजे डेव्हिड हेडली हा पाकिस्तानी वंशाचा अमेरिकन नागरिक. मुंबईत वारंवार येऊन त्याने हल्ल्याच्या जागांची टेहळणी केली होती. 2009 मध्ये तो शिकागोत पकडला गेला, 2010 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि 2011 मध्ये आपला साथीदार तहव्वूर राणा याच्या खटल्यात त्याने साक्ष दिली. ‘मेजर इक्बाल’ नावाने ओळखला जाणारा आयएसआयचा अधिकारी आपल्याला पैसे व सूचना देत असे, असे त्याने शपथेवर सांगितले. अमेरिकेच्या आरोपपत्रातही हे नाव आले. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यायालयापुढे माफीचा साक्षीदार म्हणून त्याने तेच पुन्हा सांगितले. पाकिस्तानने हे सर्व नाकारले.

या साक्षीचे वजन करताना दोन गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत. एक म्हणजे हेडली हा स्वच्छ साक्षीदार नव्हे. मादक द्रव्यांच्या व्यापारात सापडून तो पूर्वी अमेरिकन खात्याचा खबऱ्या बनला होता, आणि या खटल्यातही कबुलीच्या मोबदल्यात त्याने फाशी टाळली होती. दुसरी अशी की, आयएसआयच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना या कटाची माहिती होती असे आपल्याला वाटत नाही, असेही त्याने शिकागोच्या न्यायालयात सांगितले. तेथील पंचांनी राणाला इतर आरोपांत दोषी ठरविले, परंतु मुंबईच्या कटाच्या आरोपातून मोकळे केले. त्याच राणाला 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने भारताच्या स्वाधीन केले. सारांश, संस्थेतील काही अधिकाऱ्यांच्या सहभागाविषयी सबळ व शपथेवरील पुरावा आहे. संस्थेच्या अथवा सरकारच्या शिखरावरून आज्ञा सुटल्याचा तशा तोडीचा पुरावा न्यायालयापुढे आलेला नाही. हे सांगणे म्हणजे पाकिस्तानची वकिली नव्हे. जेवढे सिद्ध झाले आहे तेवढे ठामपणे सांगता यावे, म्हणूनच ही मर्यादा आखून घ्यावी लागते.

आता दुसरी बाजू. भारताविरुद्ध पाकिस्तान ज्या प्रकरणाचा सर्वाधिक उल्लेख करतो, ते कुलभूषण जाधव यांचे. मूळचे सांगलीकडील व मुंबईत वाढलेले हे निवृत्त नौदल अधिकारी रॉचे हस्तक असून त्यांना बलुचिस्तानात पकडले, असे पाकिस्तानने 2016 च्या मार्चमध्ये जाहीर केले. ते इराणमध्ये व्यापार करीत होते व तेथून त्यांना पळवून नेण्यात आले, असे भारताचे उत्तर. पाकिस्तानने त्यांच्या कबुलीची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि त्यांच्याजवळ दुसऱ्या नावाचे पारपत्र सापडल्याचे सांगितले. एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड ठोठावला. हा खटला बंद दाराआड चालला, आणि भारतीय वकिलातीच्या एकाही अधिकाऱ्याला आरोपीस भेटू दिले गेले नाही.

भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मताने त्या न्यायालयाने निर्णय दिला की, पाकिस्तानने 1963 च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार होईपर्यंत ती अंमलात आणता येणार नाही. हेरगिरीचा आरोप असला तरी वकिलातीशी संपर्काचा हक्क नाहीसा होत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. जाधवांना मुक्त करावे ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि ते हेर होते की नव्हते या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. म्हणजे पाकिस्तानचा आरोप न्यायाच्या खुल्या कसोटीला कधी लागलाच नाही. ज्या कबुलीची उलटतपासणी झाली नाही, ती कबुली आरोपाचेच दुसरे नाव होय. 25 डिसेंबर 2017 रोजी जाधवांच्या आईने व पत्नीने इस्लामाबादेत काचेच्या आडून त्यांची भेट घेतली. त्या वेळी आईला मुलाशी मराठीत बोलू दिले गेले नाही, अशी तक्रार भारताच्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी जाहीरपणे नोंदविली. ज्या भेटीत मातृभाषेतील शब्दांचाही संशय घेतला जातो, तेथे सत्यशोधनाला किती वाव असणार?

या पार्श्वभूमीवर कसाबचा खटला आठवावा. गोळीबार करताना ज्याचे छायाचित्र निघाले होते, त्याचाही खटला भारताने रीतसर चालविला. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला, उच्च व सर्वोच्च न्यायालयात अपील करू दिले, आणि चार वर्षांनी, 21 नोव्हेंबर 2012 रोजी, येरवड्यास त्याला फाशी दिले. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले व त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुष्कळांना हा विलंब व ही सुटका खटकली. परंतु जे न्यायालय दोघांना सोडू शकते, त्याच न्यायालयाने तिसऱ्याला दोषी म्हटले तर त्या शब्दाला जगात किंमत येते.

असे असूनही शेवटची पायरी नेहमी वादग्रस्त का राहते? कारण उघड आहे. आपल्या कृत्याचा मागमूस राहू नये, ही गुप्तवार्ता संस्थांच्या कामाची पहिली अट असते. हुकूम लेखी नसतो, पैसा तिसऱ्याच्या हातून जातो, नावे बनावट असतात. उलट, आरोप करणाऱ्या राष्ट्रालाही आपल्याजवळचा सर्व पुरावा उघड करता येत नाही, कारण तसे केल्यास तो मिळविण्याची साधने निकामी होतात. दोन्ही देशांनी एकत्र बसून माहिती पडताळावी, म्हणून 2006 मध्ये हवाना येथे संयुक्त यंत्रणा ठरली. मुंबईच्या हल्ल्यानंतर ती लयाला गेली. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर मार्च 2016 मध्ये पाकिस्तानचे तपास पथक भारतात येऊन गेले, त्यात आयएसआयचा एक अधिकारीही होता. परंतु भारताच्या पथकाला तिकडे जाऊ दिले गेले नाही.

मग चौथी पायरी सिद्ध होत नाही तोवर काहीच करता येत नाही काय? आंतरराष्ट्रीय कायद्याचे उत्तर तसे नाही. 1946 मध्ये अल्बानियाच्या किनाऱ्यालगत, कॉर्फूच्या सामुद्रधुनीत, सुरुंगांचा स्फोट होऊन 44 ब्रिटिश नौसैनिक मरण पावले. सुरुंग कोणी पेरले, हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. तरीही 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरले. कारण तिच्या नकळत ते पेरले जाणे शक्य नव्हते, आणि आपली भूमी दुसऱ्याच्या घातासाठी जाणूनबुजून वापरू न देणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य आहे. पुरावा ज्याच्या हद्दीत कोंडलेला असतो, त्याच्याविरुद्ध परिस्थितिजन्य पुरावा अधिक उदारपणे ग्राह्य धरावा, हेही त्या निकालाने सांगितले. निकाराग्वाच्या खटल्यात 1986 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की, बंडखोरांना पैसा व शस्त्रे पुरविली एवढ्यावरून त्यांचे प्रत्येक कृत्य पुरवठादार राष्ट्राचे ठरत नाही. परंतु तो पुरवठा हाच मुळी बेकायदा हस्तक्षेप होय. 2001 मध्ये सुरक्षा समितीच्या 1373 क्रमांकाच्या ठरावाने दहशतवाद्यांना आश्रय न देण्याचे बंधन सर्व राष्ट्रांवर घातले.

तात्पर्य, आज्ञा कोणी दिली या प्रश्नावर जन्मभर वाद घालता येईल. पण तळ कोठे होता, तो बंद केला काय, गुन्हेगारांना शासन झाले काय, या प्रश्नांपासून कोणत्याही सरकारला सुटका नाही. मुंबईच्या हल्ल्याबाबत पाकिस्तान येथेच अडतो. तेथील खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, 2013 मध्ये सरकारी वकिलाचा खून झाला, आणि मुख्य आरोपी लख्वी 2015 मध्ये जामिनावर बाहेर आला. हीच फूटपट्टी भारतालाही लागू पडते. 2007 मध्ये समझोता एक्स्प्रेसमधील स्फोटात 68 प्रवासी मरण पावले, त्यांत बहुसंख्य पाकिस्तानी होते. 2019 मध्ये चारही आरोपी पुराव्याअभावी सुटले. तपासातील असे अपयश शेजाऱ्याच्या हाती आयते हत्यार देते.

हा केवळ कायद्याचा काथ्याकूट नव्हे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 जणांची हत्या झाली. पाकिस्तानने तटस्थ चौकशीची भाषा केली. मुंबई व पठाणकोटचा पुरावा देऊन काय निष्पन्न झाले, असा सवाल भारताने केला. 7 मे ते 10 मे असे चार दिवस दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर शस्त्रे चालवीत होते. पुराव्यावरचा विश्वास उडाला की निवाडा शस्त्राकडे जातो, आणि त्याची किंमत सरहद्दीवरच्या घरांना मोजावी लागते.

गंजी जळालेल्या शेतकऱ्याचा संताप रास्तच असतो. परंतु गावाने त्याची बाजू घ्यावी असे वाटत असेल, तर त्याने राखेतील खुणा जपून ठेवल्या पाहिजेत. आणि ज्याच्या अंगणातून काडी निघाली त्या शेजाऱ्याने, मी सांगितले नव्हते, एवढे म्हणून दार लावून घेणे पुरेसे नाही. त्याच्या घरातले रॉकेल बाहेर कसे गेले, याचा जबाब त्यालाच द्यावा लागतो.