रक्षा आणि पुनरुत्थान

९ मे १९१९ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईत निवर्तले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रास प्रिय झालेल्या या पुरुषाने १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. ख्रिस्ती मनुष्याचा देह भूमीच्या स्वाधीन करावयाचा, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि रक्षा अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नेऊन तेथे पुरण्यात आली. जो धर्म मृतांच्या पुनरुत्थानाची आशा बाळगतो, त्याच्या अनुयायाने आपला देह अग्नीस अर्पण करावा, ही विसंगती नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर ख्रिस्ती लोक अंतिम गोष्टींविषयी आणि आपल्या मंडळीविषयी काय मानतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक यांना ख्रिस्ती परंपरेत चार अंतिम गोष्टी म्हणतात. मनुष्याला जन्म एकदाच, मरण एकदाच, आणि त्यानंतर न्याय, अशी ही शिकवण आहे. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान हे शब्द कानाला जवळचे वाटले, तरी त्यांचे अर्थ फार दूरचे आहेत. पुनर्जन्माच्या कल्पनेत आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो. देह बदलतो, प्रवास चालू राहतो. पुनरुत्थानाच्या कल्पनेत देह हे टाकून द्यावयाचे वस्त्र नव्हे. जो मनुष्य जगला, श्रमला आणि मेला, तोच संपूर्ण मनुष्य ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी उठविला जाईल, असा हा विश्वास आहे. मात्र तो उठेल तो पूर्वीच्याच नाशवंत रूपात नव्हे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना बीजाचा दृष्टांत दिला आहे. पेरलेला दाणा मातीत नाहीसा होतो आणि वर येते ते दाण्याहून निराळे, तरीही त्याच दाण्याचे.

आता मंडळीविषयी. इंग्रजीतील ‘चर्च’ या शब्दासाठी मराठी प्रॉटेस्टंटांनी ‘मंडळी’ हा शब्द योजिला, तर कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बोलावून एकत्र आणलेल्या लोकांची सभा असाच आहे. चर्च म्हणजे प्रथम इमारत नव्हे, माणसे. आणि या माणसांत केवळ जिवंतांचीच गणना होत नाही. प्राचीन श्रद्धांगीकारात पवित्र मंडळी, पवित्र जनांची सहभागिता, पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन ही कलमे एकापाठोपाठ येतात. मरणाने मनुष्य मंडळीतून वजा होत नाही, हा त्या क्रमाचा आशय आहे. मृतांपैकी काहींची अद्याप शुद्धी व्हावयाची असते व प्रार्थनेने त्यांना साहाय्य होते, असे कॅथलिक मानतात. म्हणूनच २ नोव्हेंबरला वसईच्या ख्रिस्ती दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. प्रॉटेस्टंटांस ही मधली अवस्था मान्य नाही. तथापि मृत विश्वासी ख्रिस्तापासून तुटलेले नाहीत, याविषयी उभयतांचे एकमत आहे.

मग दहनाला विरोध कशासाठी? आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी यहुदी रीतीस अनुसरून आणि ख्रिस्त स्वतः कबरेत ठेविला गेला होता म्हणून दफन स्वीकारले. इ. स. १७७ मध्ये ल्यों येथे छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकिली. आता हे कसे उठतात ते पाहू, असा त्यांचा हेतू होता. त्यामुळे त्या मंडळीचा विश्वास ढळला नाही. ज्याने शून्यातून सृष्टी केली त्याला राखेची अडचण कसली, हाच त्याला उलट सवाल होता. पुढे युरोपात चर्चविरोधी मंडळांनी दहनाचा पुरस्कार केला, तेव्हा १८८६ साली रोमने कॅथलिकांस ते निषिद्ध ठरविले. १९६३ साली हा निर्बंध सैल झाला. २०१६ साली मात्र रोमने स्पष्ट केले की, दफनच अधिक पसंत असून दहन केल्यास रक्षा उधळू नये, पवित्र स्थळी ठेवावी. देहाचा मान राहावा आणि मृताचे नाव मंडळीच्या स्मरणातून व प्रार्थनेतून जाऊ नये, हे त्यामागील कारण होय.

टिळक प्रॉटेस्टंट असल्यामुळे रोमचा निर्बंध त्यांना लागू नव्हता. परंतु परंपरेचे वजन तर होतेच. ते त्यांनी कसे पेलले, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांवरून ध्यानात येते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यात स्थान होते. मंडळीची सीमा मनुष्याने कोठे आखावी, असा तो प्रश्न होता. अनेकांस तो धाडसाचा वाटला, आणि बाप्तिस्म्याशिवाय मंडळी कशी, ही त्यांची शंकाही निराधार नव्हती. परंतु जो दरबार देवाचा, त्याची अंतिम गणती देवाकडेच, ही टिळकांची निष्ठा होती.

त्यांच्या अंत्यविधीत तीच निष्ठा दिसते. अग्नी हा त्यांच्या पूर्वजांचा मार्ग होता, तर भूमी ही त्यांच्या मंडळीची रीत होती. दोन्हींचा स्वीकार करताना आशा मात्र त्यांनी एकीवरही ठेविली नाही. नगरच्या मातीत ठेविलेली ती मूठभर रक्षा म्हणजे पेरलेले बीज आहे, असे ख्रिस्ती मनुष्य मानील. इतरांस तसे मानता आले नाही, तरी आपल्या माणसांच्या सहवासात अखेरची वाट पाहण्याची ती इच्छा कोणाही मराठी मनास परकी वाटणार नाही.