निवाऱ्याच्या भिंतीबाहेरचे काम

प्राणी निवारा म्हटले की जखमी, म्हाताऱ्या आणि बेवारस जनावरांना आसरा देणारी जागा डोळ्यांपुढे येते, आणि मुंबईत १८३४ साली स्थापन झालेल्या पांजरपोळापासून चालत आलेली परंपरा पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु भोवतालच्या वस्तीची खरी सेवा निवाऱ्यात राहिलेल्या जनावरांपेक्षा लस टोचून पुन्हा बाहेर सोडलेल्या जनावरांमुळे अधिक होते, हे गोव्याच्या अनुभवावरून दिसते.

या सेवेचा गाभा रेबीजशी, म्हणजे कुत्रा पिसाळण्याच्या रोगाशी, निगडित आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतील विषाणू चाव्याच्या जखमेतून शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावर धावून येतो असेही नाही. रोगाच्या मुक्या प्रकारात तो कोपऱ्यात बसून राहतो, त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने एखादा दयाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. अशा वेळी हात न लावता निवाऱ्याला कळवणे, आणि तेथील लस घेतलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी त्या कुत्र्याला वेगळे ठेवणे, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने २०१३ ते २०१९ या काळात उभारलेल्या मोहिमेत कुत्री जाळ्याने पकडून जागेवरच लस टोचली जाई आणि स्मार्टफोनवरील नकाशावर नोंद होई. त्यामुळे कोणता वाडा राहून गेला हे लगेच कळे. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली. दहांपैकी सात कुत्री सुरक्षित झाली की विषाणूला पुढचा आश्रय सहसा सापडत नाही, आणि साखळी तुटते. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

कुत्री उचलून कायमची दूर न्यावीत, ही मागणी चाव्याच्या भीतीतून येते आणि ती भीती खरी आहे. मात्र सरसकट कुत्री हटवल्यास लसीचे संरक्षणही त्यांच्याबरोबर जाते आणि मोकळ्या जागी लस न घेतलेली कुत्री येतात. म्हणूनच २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत निर्बीजीकरण, म्हणजे पिल्ले होऊ नयेत म्हणून केलेली शस्त्रक्रिया, आणि लसीकरण झाल्यावर कुत्र्याला मूळ जागी सोडण्याचे तत्त्व आहे.

मोहिमेची दुसरी बाजू शाळांमध्ये होती: दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत रेबीजची माहिती पोहोचवली गेली. चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखाना गाठावा, हे मुलाला ठाऊक असेल तर जखमेत हळद किंवा तिखट भरण्याची घरातली घातक रीतही मोडते.

मात्र नवी पिल्ले जन्मत राहतात, लसीचा प्रभाव कालांतराने ओसरतो, आणि सिंधुदुर्ग व बेळगाव जिल्ह्यांच्या हद्दी कुत्र्यांना अडवत नाहीत. त्यामुळे लसीकरण दरवर्षी नव्याने करावे लागते आणि सीमेलगतच्या गावांमध्ये तर दोन्ही बाजूंनी करावे लागते.