पर्यटक कर

पर्यटक कर म्हणजे एखाद्या ठिकाणी पर्यटनासाठी आलेल्या व्यक्तीकडून तेथील शासन किंवा स्थानिक स्वराज्य संस्था वसूल करते तो कर. प्रवासी कर, मुक्काम कर, प्रवेश शुल्क अशा निरनिराळ्या नावांनी तो आकारला जातो. सहलीच्या जाहिरातीतील रकमेत तो पुष्कळदा धरलेला नसतो. त्यामुळे हॉटेल, विमान कंपनी किंवा बँक घेत असलेल्या खासगी जादा शुल्कांशी त्याची गल्लत होते. कर सार्वजनिक तिजोरीत जमा होतो व त्याचा दर अधिकृतपणे जाहीर केलेला असतो. खासगी शुल्क हे व्यावसायिकाचे उत्पन्न असते.

इतिहास

भारतात यात्रेकरूंकडून कर घेण्याची प्रथा जुनी आहे. मुघल बादशहा अकबर याने १५६३ मध्ये हिंदू यात्रेकरूंवरील कर रद्द केला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत प्रयाग, गया व पुरी येथे यात्रा कर घेतला जात असे; १८४० च्या कायद्याने तो बंद झाला. फ्रान्समध्ये १९१० च्या कायद्याने आरोग्यस्नानाच्या व हवापालटाच्या गावांना मुक्कामी पाहुण्यांवर कर बसवण्याची मुभा मिळाली.

माथेरान

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे पनवेलच्या पूर्वेस असलेले थंड हवेचे ठिकाण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या पाच हजारांहून कमी होती. सुट्ट्यांत मात्र तेथे पर्यटकांची मोठी गर्दी होते. पाणी, स्वच्छता व रस्ते यांचा या गर्दीमुळे वाढणारा खर्च केवळ रहिवाशांच्या करांतून भागणे कठीण असते. माथेरान नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवासी कर घेते व त्याची पावती देते.

खासगी वाहनांना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही; तेथून पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून रेल्वेने गावात जाता येते. या ठिकाणी अपुरी वा चुकीची माहिती देऊन पर्यटकांकडून जादा पैसे उकळले जातात, अशा तक्रारी वाढल्यावर मार्च २०२५ मध्ये स्थानिकांनीच माथेरान बंद पुकारला. पर्यटकांची फसवणूक थांबली नाही तर गावाचा व्यवसाय बुडेल, अशी त्यांची भूमिका होती. जाहीर कर आणि अघोषित आकारणी यांतील फरक या घटनेतून स्पष्ट होतो.

परदेशांतील कर

- भूतान: शाश्वत विकास शुल्क, भारतीय पर्यटकांसाठी दर माणशी प्रतिरात्र १,२०० रुपये.
- दुबई: हॉटेलच्या दर्जानुसार दर खोलीमागे प्रतिरात्र ७ ते २० दिरहॅम, २०१४ पासून.
- मलेशिया: परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे प्रतिरात्र १० रिंगिट, २०१७ पासून.
- बाली: परदेशी पर्यटकांना प्रत्येक भेटीस एकदा दीड लाख रुपिया, २०२४ पासून.
- व्हेनिस: ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांसाठी प्रवेश शुल्क, २०२४ मध्ये ५ युरो.

आकारणी माणशी आहे की खोलीमागे, यावर कुटुंबाचा एकूण खर्च अवलंबून असतो. चार जणांच्या कुटुंबास भूतानमध्ये पाच रात्रींसाठी, लहान मुलांची सवलत न धरता, २४,००० रुपये द्यावे लागतात.

भारतात द्यावे लागणारे कर व शुल्के

परदेश सहलीचे पॅकेज विकताना सहल कंपनी वस्तू व सेवा कराखेरीज ‘उगमस्थानी गोळा केलेला कर’ (टीसीएस) घेते. ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. पुढे १० लाखांपर्यंत ५ टक्के व त्यावरील रकमेवर २० टक्के असा दर होता. १ एप्रिल २०२६ पासून तो सरसकट २ टक्के करण्यात आला. म्हणजे ३ लाखांच्या पॅकेजवर ६,००० रुपये होतात. हा वेगळा खर्च नसून प्राप्तिकराची आगाऊ वसुली असते. करपात्र उत्पन्न नसलेल्या व्यक्तीलाही, उदाहरणार्थ एखाद्या निवृत्तिवेतनधारकाला, विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळवता येते. विवरणपत्र न भरल्यास ती सरकारकडेच राहते. वस्तू व सेवा कर मात्र प्रवाशाला परत मिळत नाही.

विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क तिकिटाच्या रकमेतच धरलेले असते. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. मोठ्या विमानतळांप्रमाणे तेथेही हे शुल्क विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते.

खासगी छुपी शुल्के

जादा सामान, आसननिवड, हॉटेलचे ‘रिसॉर्ट शुल्क’ आणि चालक-मार्गदर्शकांची सक्तीची बक्षिसी ही यांतील नेहमीची उदाहरणे होत. परदेशात कार्ड वापरल्यास बहुतेक बँका चलनबदलाचे अधिभार लावतात. दुकानदाराने यंत्रावर रुपयांत रक्कम भरण्याचा पर्याय दिल्यास त्यातील विनिमय दर सहसा अधिक महाग असतो. स्थानिक चलनात रक्कम भरल्यास हा खर्च टळतो.

ग्राहक संरक्षण

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ऑनलाइन विक्रीत किंमत आधी कमी दाखवून शेवटच्या टप्प्यावर वाढवणे ही फसवी पद्धत मानली जाते. अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक आहे. भारतातील ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीसाठी पावती आणि ‘सहलखर्चात काय समाविष्ट नाही’ याची लेखी यादी हे महत्त्वाचे पुरावे ठरतात.