अंगणातील पाचोरा–जामनेर गाडी

पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी 'पी. जे.' गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या वडील मंडळींनी पाहिली आहे. कित्येकांनी तीतून प्रवासही केला आहे. १९१९ साली जामनेरास पोहोचलेल्या, सुमारे ५६ किलोमीटर लांबीच्या त्या अरुंद मार्गावरील गाडी २०२० साली थांबली. आमच्या वर्गातील धाकट्या मुलांस ती आठवतही नाही. तेव्हा तिची चालती प्रतिकृती आवारात मांडावी, असा हट्ट मुलांनी धरिला.

पहिली चूक माझीच. प्रमाण ठरविण्यापूर्वीच मी इंजिन घेऊन बसलो. बागेतील आगगाडीचे रूळ बहुधा ४५ मिलिमीटर अंतराचे मिळतात व त्यांवरील बरीच वाहने १:२२.५ या प्रमाणाची असतात. आता ४५ ला २२.५ ने गुणून पाहा: १०१२ येतात. म्हणजे ही झाली मीटरगेजची गाडी! पी. जे. चे रूळ तर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट अंतराचे. हा गुणाकार दुकानात जाण्यापूर्वी केला असता, तर मुलांच्या वर्गणीतील पैसे अडकून पडले नसते.

७६२ ला ४५ ने भागिले असता प्रमाण सुमारे १:१७ येते. ३२ मिलिमीटरचे रूळ घेतल्यास १:२४. (माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवरची, तिला ३२ च्या रुळांवर १:१९ लागेल.) १:१७ मध्ये साडेपाच फुटी मनुष्य दहा सेंटिमीटर उंच होतो व काम मोठे देखणे दिसते, परंतु डबे लांब होतात आणि वळणांस जागा फार लागते. आम्ही १:२४ पत्करिले. या प्रमाणाच्या खेळण्यातील मोटारी सहज मिळतात, हाही एक लाभ. तरी सबंध मार्ग मांडावयाचा तर सव्वादोन किलोमीटरांहून अधिक आवार हवे! म्हणून एकटे शेंदुर्णी स्थानक घेतले. पाचोरा मुद्दाम सोडिले, कारण तेथील ब्रॉडगेजकरिता सत्तर मिलिमीटर अंतराचे रूळ हाताने घडवावे लागले असते.

आपली काळी जमीन मात्र प्रमाणापेक्षाही अधिक छळते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या वर्षी मातीवरच अंथरलेले रूळ दसऱ्यापर्यंत सापासारखे वाकडे झाले. पुढे वीतभर खणून मुरूम ठोकला व वर बारीक खडी घातली. खानदेशचे ऊनही विसरू नये: पितळी रूळ ४० अंशांनी तापला, तर दहा मीटरांत सात-आठ मिलिमीटर वाढतो. सांध्यांत फट ठेवावीच.

रुळांतून वीज देण्याची पद्धत धुळीमुळे व पितळावरील गंजामुळे त्रासाची ठरली. त्यापेक्षा इंजिनातच बॅटरी व बिनतारी नियंत्रण बरे. खेळ संपताच बॅटरी सावलीत न्यावी. वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचा मोह मुलांस फार आहे, परंतु वाळल्या गवतात ते वैशाखात पेटविणे नको. श्रावण लागल्यावर पाहू.