भेग आतून निघते

मंडळी, न्यायशास्त्राचा सगळा संसार घटावर चालतो हे तुम्ही आमच्याकडून पुष्कळदा ऐकलंय. आज घटच आहे, पण तोंडातला. हसू नका. गेल्या हिवाळ्यात फुटाणे खाताना आमच्या दाढेवरची सिरॅमिकची कॅप फुटली. दोन वर्षंही झाली नव्हती. मार वरून बसला, म्हणजे वरूनच फुटली असणार, असं आम्ही गृहीत धरलं. पण तुकडा भिंगाखाली पाहिला तर भेग आतल्या बाजूने निघालेली.

हे कळायला पुसदच्या कुठल्याही काचवाल्याकडे चला. तो काच कापत नाही. एक बारीक रेघ ओढतो नि खटकन वाकवतो. काच त्या रेघेवरच तुटते. १९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने याचं गणित मांडलं. बारीक भेग सगळा ताण आपल्या टोकाशी गोळा करते, म्हणून काच अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी ताणात तुटते. सिरॅमिकही तसंच, दाब सोसतं, ताण सोसत नाही. चावताना कॅपची वरची बाजू दाबली जाते, आतली ताणली जाते, आणि घडवतानाच्या न दिसणाऱ्या भेगा आत असतातच.

जुनं झिंक फॉस्फेट सिमेंट मधली फट भरून कॅप अडकवून ठेवतं, एवढंच. आमच्या भाषेत हा नुसता संयोग. रेझिनचं तसं नाही. कॅपची आतली बाजू आधी हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात. लिथियम डायसिलिकेट असेल तर पाच टक्क्यांचं आम्ल साधारण २० सेकंद. हे जहाल आम्ल असतं, काम तोंडाबाहेर होतं. मग सायलेन लावतात. या रेणूचा एक हात सिरॅमिकमधल्या सिलिकाला धरतो, दुसरा रेझिनला. त्यावर रेझिनचा पातळ थर. तो भेगांत शिरतो आणि घट्ट होताना आकसतो, त्यामुळे भेगांची तोंडं चिमटीत धरल्यासारखी राहतात. भरण्याचं श्रेय किती नि आकसण्याचं किती, यावर संशोधकांत वाद आहे. ताकद वाढते यावर फारसा नाही. याला समवाय म्हणायचा मोह होतो, पण कुणी शुद्ध नैयायिक इथे बसला असेल तर तो आम्हाला व्यासपीठावरून उतरवील.

झिर्कोनियाला मात्र हे लागू नाही. त्यात काच नाही, म्हणून हे आम्ल तिथे चालत नाही. ते मुळातच कणखर. त्याला अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा आणि वेगळा फॉस्फेटयुक्त प्रायमर लागतो.

आता आपल्या जिल्ह्याचं. पांढरकवड्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. तिकडची पोरं पिवळे-तपकिरी दात झाकायला सिरॅमिकचे पातळ पापुद्रे बसवून मागतात. या पापुद्र्याला स्वतःचं बळ जवळजवळ नाही. ते सगळं चिकटण्यातून येतं. आणि फ्लोराइड मुरलेलं दाताचं एनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही. म्हणून लग्नाच्या घाईत, एका बैठकीत उरकून द्या म्हणणाऱ्या आईबापांना आम्ही सांगतो, डॉक्टरांना वेळ द्या.

आमच्या नव्या कॅपच्या वेळी ती एकदा बसवून पाहिली, काढली. आत लाळ लागलेली. आम्ही विचारलं, आता? डॉक्टर म्हणाले, लाळेवर रेझिन धरत नाही, पुन्हा साफ करावं लागेल, अर्धा तास जास्त बसाल का? बसलो.