आधी कर्ज, मग वारसा

घरातला कर्ता माणूस गेला की थोड्याच दिवसांत दोन प्रश्न दारात येऊन उभे राहतात. एखादा व्यापारी किंवा नातेवाईक सांगतो, "मरहूमांकडे माझे इतके येणे होते." आणि घरातलेच कुणीतरी विचारते, "वाटणी कधी करायची?" दुसऱ्या प्रश्नाला आपण लगेच लागतो. पहिल्याला "बघू, कागद आहे का?" म्हणून टाळतो. खरे तर क्रम याच्या उलट आहे.

सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना अल्लाहने एक अट पुन्हा पुन्हा घातली आहे : हे हिस्से वसियत आणि कर्ज वजा केल्यानंतरचे आहेत. त्यावरून फिकहमध्ये चार पायऱ्या ठरल्या. पहिली कफन-दफनाचा खर्च, दुसरी कर्ज, तिसरी वसियत (तीही उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत) आणि चौथी वारसा. भारतातील न्यायालयेही मुस्लिम कायद्यात हाच क्रम मानतात.

हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांची हकीकत बुखारी शरीफमध्ये आहे. लोक त्यांच्याकडे अमानत ठेवायला येत. अमानत हरवली तर लोकांचे नुकसान होईल, म्हणून ते ती रक्कम कर्ज म्हणून घेत. शहीद झाले तेव्हा त्यांच्यावर २२ लाखांचे कर्ज होते आणि रोकड काहीच नव्हती. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांनी जमीन विकून कर्ज फेडले. भावंडांनी वाटणी मागितली, तेव्हा त्यांनी चार वर्षे हजच्या दिवसांत जाहीर पुकारा केला की ज्याचे येणे असेल त्याने यावे. त्यानंतरच वाटणी झाली. आपण चार महिने तरी थांबतो का?

आता हिशेब करून पाहू. समजा मरहूमांची मालमत्ता १० लाखांची आहे. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. वसियत नाही. दफनाचा खर्च २० हजार, दुकानाची उधारी ३ लाख ३० हजार आणि न दिलेला मेहर ५० हजार. हे ४ लाख आधी बाजूला काढायचे. उरले ६ लाख. त्यात पत्नीचा आठवा हिस्सा ७५ हजार, मुलाचे ३ लाख ५० हजार, मुलीचे १ लाख ७५ हजार. पत्नीला मेहरचे ५० हजार वेगळे मिळतात, कारण ते वारशाचे नाहीत, तिच्या येण्याचे आहेत.

मेहर हे कर्ज आहे, ही गोष्ट आपल्या घरांत सर्वांत आधी विसरली जाते. जनाजा उठण्याआधी बायका विधवेच्या कानाशी जाऊन "मेहर माफ कर" म्हणतात. ती रडत मान हलवते आणि सगळे मोकळे होतात. दुःखाच्या आघातात घेतलेली माफी ही मोकळ्या मनाची संमती नव्हे, असे न्यायालयांनीही म्हटले आहे. मेहरसाठी दावा करायचा तर साधारण तीन वर्षांची मुदत असते. इद्दत संपली की निकाहनामा हाती घेऊन हा विषय काढणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

वारसांना भीती वाटते की बापाचे कर्ज आपल्या पगारातून जाईल. कायदा तसे म्हणत नाही. १८८५ साली अलाहाबाद हायकोर्टात जाफरी बेगम खटल्यात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मांडलेले तत्त्व आजही चालते : मालमत्ता मृत्यूबरोबर वारसांकडे जाते आणि प्रत्येक वारस आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात, मिळालेल्या मालमत्तेपुरताच कर्जाला जबाबदार असतो. मात्र तुम्ही स्वतः जामीन राहिला असाल किंवा कर्जाच्या कागदावर तुमचीही सही असेल, तर गोष्ट वेगळी.

मुदतीची बाजूही समजून घ्या. हातउसन्या रकमेसाठी मुदत कायद्यानुसार साधारणपणे तीन वर्षांत दावा करावा लागतो. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून कर्ज लेखी कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटली की कोर्ट येणेकऱ्याला मदत करत नाही. म्हणून काही वारस हसून म्हणतात, "आता काय, बुडाले." कोर्टात बुडाले असेल, पण मरहूमांच्या मानेवरचे ओझे तसेच राहते. कर्ज खरे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तारखेच्या आड लपू नका.

मरहूमांचे इतरांकडे येणे असेल, तर त्याची वसुली कोर्टातून करण्यासाठी वारसांना वारसा प्रमाणपत्र लागते. बँकेतल्या नॉमिनीच्या हाती पैसे आले म्हणून तो एकटा मालक होत नाही. सातबाऱ्यावरची वारस नोंदही महसुलाची नोंद आहे, तिने बहिणीचा हक्क संपत नाही. हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेण्याआधी तिला हिश्श्याची रक्कम आकड्यात सांगा.

वाद झालाच तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी मजकूर नीट वाचून घ्या.

या सर्वांपेक्षा सोपा उपाय जिवंतपणीचा आहे. कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे. एक साधी वही आणा. एका पानावर देणे, दुसऱ्यावर येणे, तिसऱ्यावर मेहरची बाकी. रक्कम, तारीख, साक्षीदार लिहा आणि वही कुठे आहे ते पत्नीला व मुलामुलींना सांगून ठेवा. आपल्या मागे भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत राहावेत असे वाटत असेल, तर ही वही आजच सुरू करा.